मॅगझिनात जागा किती? अमेरिकेत पहिली बंदूक घेणाऱ्यांसाठी

टेक्सासच्या दुकानात ग्लॉक १९ घेतलं की डब्यातून १५ गोळ्यांची मॅगझिनं निघतात. न्यू जर्सीत तेच पिस्तूल १० च्या मॅगझिनांसह मिळतं. पिस्तूल तेच, नळी तीच, फरक फक्त मुठीत सरकणाऱ्या त्या डबीचा. पण या डबीपायी गुन्हा दाखल होऊ शकतो. ती रिकामी असली, बंदुकीपासून वेगळी ठेवलेली असली, कपाटात तीन वर्षं धूळ खात पडली असली तरीही. नवखा माणूस पिस्तुलाचे व्हिडिओ महिनाभर बघतो आणि मॅगझिनाकडे बिल करतानाच त्याचं लक्ष जातं. खरं तर क्रम उलटा हवा.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल: कायदा तुम्ही भरलेल्या गोळ्या मोजत नाही, डबीतली जागा मोजतो. पंधराच्या मॅगझिनात ‘मी दहाच भरतो’ असं म्हणणाऱ्याला न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात काहीही संरक्षण मिळत नाही.

मॅगझिन म्हणजे नेमकं काय

चार भाग असतात. बाहेरचं खोकं, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर, आणि तळाला बेसप्लेट. खोक्याच्या वरच्या तोंडाला आत वळलेल्या दोन कडा असतात, त्या गोळी धरून ठेवतात. पिस्तुलाच्या मॅगझिनला बहुधा मागच्या बाजूला भोकं असतात आणि त्यांच्याशेजारी आकडे. शेवटच्या भोकाजवळचा आकडा म्हणजे मॅगझिनची क्षमता. याला ‘क्लिप’ म्हणू नका. क्लिप म्हणजे गोळ्या एकत्र धरणारी साधी पट्टी, तिच्यात स्प्रिंग नसते. दुकानदार हसून सोडून देईल, पण ऑनलाइन मागवताना या गोंधळात भलतीच वस्तू घरी येते.

केंद्रीय कायद्याच्या नजरेत मॅगझिन ही बंदूक नाही. बंदूक घेताना भरावा लागणारा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म मॅगझिनला लागत नाही, पार्श्वभूमीची तपासणी होत नाही, आणि त्यावर सहसा सीरियल नंबरही नसतो. पेनसिल्व्हेनियात ते पुस्तकासारखं कुरियरने दारात येऊन पडतं. इतक्या सहज मिळणाऱ्या वस्तूवर शेजारच्या राज्यात तुरुंगवासाची तरतूद असेल, हे म्हणूनच कोणाच्या मनात येत नाही.

दहाचा आकडा आला कुठून

१३ सप्टेंबर १९९४ ला लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं सामान्य नागरिकांसाठी बंद केली. त्याआधी बनलेली विकायला आणि बाळगायला मोकळीक होती. कायद्याची मुदतच दहा वर्षांची होती. १३ सप्टेंबर २००४ ला तो संपला आणि पुन्हा आला नाही. आज केंद्राची कोणतीही मर्यादा नाही. आहेत त्या राज्यांच्या, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तोच दहाचा आकडा उचलला आहे. त्या काळातली ‘फक्त पोलीस आणि सरकारी वापरासाठी’ असा शिक्का असलेली मॅगझिनं जुन्या बाजारात अजून दिसतात. मर्यादा नसलेल्या राज्यात त्या शिक्क्याला आता अर्थ उरलेला नाही.

पायरी १: तुम्हाला बंदूक बाळगता येते का?

हा प्रश्न मराठी घरांत फार उशिरा विचारला जातो. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, विकत घेणं तर दूरच. अपवाद थोडे आहेत. नेहमी उपयोगी पडणारा एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते हातात असेल तर केंद्राचा दरवाजा उघडतो, पण लायसन्सची मुदत संपली की त्या दिवसापासून घरातली बंदूक बेकायदा होते. शिवाय राज्याच्या अटी वेगळ्या असतातच. नूतनीकरणाची तारीख फोनवर नव्हे, बंदुकीच्या तिजोरीच्या दारावर चिकटवा.

नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हाही ताबाच. ऑफिसच्या सहलीत ‘चला, दोन गोळ्या मारू’ म्हणताना व्हिसावाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

ग्रीन कार्ड असलेल्यांना घेता येते, राज्याच्या अटी पाळून. मात्र घरात एक जण ग्रीन कार्डवर आणि दुसरा व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा अंक फक्त पहिल्याकडे हवेत. दुसऱ्याला ती उघडता येत असेल, तर बंदूक त्याच्याही ताब्यात होती असं सरकारी वकील म्हणू शकतो.

गांजाबद्दलचा प्रश्नही ४४७३ वर आहे आणि तिथेच छापलेलं आहे की राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राला तो चालत नाही. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

आणखी एक. अमेरिकी नागरिक असलेल्या शेजाऱ्याला मॅगझिनपायी दंड भरून सुटता येईल. ग्रीन कार्डवाल्याचं तसं नाही. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं एक वेगळं कारण कायद्यात आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात अटकेची माहिती द्यावीच लागते. मॅगझिनचा गुन्हा त्या कलमात बसतो की नाही याचा कीस न्यायालयात पाडत बसण्यापेक्षा तिथवर जाऊच नये. प्रकरण झालंच, तर गुन्हा कबूल करून ‘मिटवून टाकण्याआधी’ इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, फक्त फौजदारी वकिलाला नव्हे.

पायरी २: राज्याचा आकडा बघा, आणि क्रियापदही

नुसता आकडा विचारणारे इथेच फसतात. एक राज्य ‘विकणं’ बंद करतं, दुसरं ‘आणणं’, तिसरं ‘बाळगणं’. कायदा वाचताना क्रियापदाखाली रेघ मारा.

न्यू जर्सीत क्रियापद ‘बाळगणं’ आहे. १९९० पासून मर्यादा १५ ची होती. जून २०१८ मध्ये ती १० वर आली आणि जुनी मॅगझिनं निकाली काढायला १८० दिवस, म्हणजे १० डिसेंबर २०१८ पर्यंतची मुदत मिळाली. जुनं आहे म्हणून सूट नाही. चौथ्या श्रेणीचा गुन्हा, म्हणजे १८ महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. एडिसनमध्ये राहणाऱ्याला हा आकडा पाठ हवा.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २००० पासून १० पेक्षा जास्तीची विक्री, निर्मिती आणि राज्यात आणणं बंद आहे. २०१६ च्या जनमताने ताबाही बंद करण्याचं ठरलं, मग वर्षानुवर्षं कोर्टबाजी. २९ मार्च २०१९ ला सॅन डिएगोच्या केंद्रीय न्यायाधीशांनी बंदी रद्द केली आणि ५ एप्रिलला स्थगिती येईपर्यंतच्या आठवड्यात लोकांनी देशभरातून मॅगझिनं मागवून घेतली. बंदूकवाल्यांच्या बोलीत त्याला ‘फ्रीडम वीक’ म्हणतात. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, मोठ्या पीठाने बंदी वैध ठरवली. ‘मला त्या आठवड्यातलं विकतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. त्याच्याकडे काहीही कागद असला तरी तुम्हाला तो व्यवहार करता येत नाही. नुसत्या ताब्यासाठी प्रत्येक मॅगझिनमागे १०० डॉलरपर्यंत दंड, किंवा कनिष्ठ गुन्हा म्हणून वर्षापर्यंत काउंटीच्या तुरुंगात कैद. विकणं आणि राज्यात आणणं याला शिक्षा याहून जड.

वॉशिंग्टन राज्याचं क्रियापद सगळ्यांत जास्त लोकांना चकवतं. १ जुलै २०२२ पासून तिथे १० च्या वरच्या मॅगझिनांची विक्री, निर्मिती आणि राज्यात आणणं बंद आहे, पण तिथे आधीपासून असलेली बाळगायला बंदी नाही. त्यामुळे रेडमंडमधला जुना सहकारी ३० चं मॅगझिन घेऊन रेंजवर येतो, कायद्यात राहून. तुम्ही डॅलसहून बदली होऊन तस्संच मॅगझिन सामानात आणलंत, तर ते ‘आणणं’ झालं. वस्तू एकच, पण तुमचा गुन्हा आणि त्याचा नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मे २०२५ मध्ये कायम ठेवला.

मेरीलँड याच्या बरोबर उलट. १ ऑक्टोबर २०१३ पासून तिथे १० च्या वरचं विकणं, विकत घेणं, स्वीकारणं बंद, पण ताबा आणि बाहेरून स्वतः घेऊन येणं बंद नाही. म्हणून तिथले लोक पेनसिल्व्हेनियात जाऊन घेऊन येतात. कायदा करणाऱ्यांनी हे दार का उघडं ठेवलं, याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये १०. शहरात रायफल आणि शॉटगनसाठी तर ५. कनेक्टिकटमध्ये १०, २०१३ चा कायदा, मुदतीत नोंदवलेली जुनी चालतात. ऱ्होड आयलंडमध्ये २०२२ पासून १०, जुन्यांना सूट नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १०, आणि १३ सप्टेंबर १९९४ ला कायदेशीरपणे कोणाकडे असलेल्या मॅगझिनांना वेगळे नियम. इलिनॉयमध्ये १० जानेवारी २०२३ पासून रायफलला १० आणि पिस्तुलाला १५. व्हरमाँटमध्ये तीच विभागणी, २०१८ पासून. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पासून १५. डेलावेअरमध्ये १७. हवाईत १०, आणि तिथली मेख अशी की पिस्तुलात बसू शकणारं कोणतंही मॅगझिन त्यात येतं. एआर (अमेरिकेतली एक लोकप्रिय रायफल) पद्धतीची पिस्तुलं असतात, त्यामुळे एआर रायफलचं मॅगझिनही बंदीत सापडतं. ओरेगॉनमध्ये २०२२ च्या मतदानात १० ची मर्यादा मंजूर झाली, आणि तेव्हापासून ती न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत आली आहे.

ही यादी हलती आहे. बऱ्याच राज्यांत विधिमंडळाचं अधिवेशन उन्हाळ्याआधी संपतं आणि नवे कायदे बऱ्याचदा १ जुलैला लागू होतात. एप्रिलमध्ये वाचलेल्या माहितीवर ऑगस्टमध्ये खरेदी करू नका. राज्य पोलीस किंवा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल यांच्या सरकारी संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघा. ‘कोर्टाने बंदी उडवली’ अशी बातमी आली तरी थांबा, कारण वरच्या न्यायालयाची स्थगिती अनेकदा त्याच दिवशी येते आणि तिची बातमी होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलिनॉयचा कायदा एका केंद्रीय न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवला. पण तो निकाल अंमलात आलाच नाही, अपिलात थांबला. ऱ्होड आयलंडच्या बंदीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ऐकायला नकार दिला. म्हणजे ‘सर्वोच्च न्यायालय लवकरच सगळं मोकळं करणार’ या आशेवर आज खरेदी करता येत नाही.

पायरी ३: जागा मोजा

चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात उडायला तयार बसलेली, गोळी मॅगझिनात धरत नाहीत. दहाचं मॅगझिन आणि चेंबरमध्ये एक, ज्याला बोलताना ‘दहा अधिक एक’ म्हणतात, त्याने दहाची मर्यादा ओलांडत नाही.

बेसप्लेट मात्र ओलांडायला लावते. ग्लॉक २६ चं कारखान्यातलं मॅगझिन १० चं. बाजारात ‘प्लस टू’ नावाची पोकळ बेसप्लेट मिळते, करंगळी टेकायला बरी म्हणून लोक लावतात. ती लागली की मॅगझिन १२ चं झालं आणि दहाच्या राज्यात बेकायदा. करंगळीसाठीच हवी असेल तर भरीव घ्या, जिच्यात जागा वाढत नाही. सिग पी३६५ चंही तसंच: छोटं मॅगझिन १० चं, जरा लांब १२ चं, त्याहून लांब १५ चं. तिन्ही एकाच पिस्तुलात बसतात आणि दुकानाच्या भिंतीवर शेजारी टांगलेली असतात. ग्लॉक ४३एक्सचं कारखान्याचं मॅगझिन जाड प्लास्टिकचं, १० चं. बाहेरच्या कंपनीचं पातळ पोलादी मॅगझिन त्याच लांबीत १५ गोळ्या घेतं. बाहेरून बघून ओळखू येत नाही, म्हणून वापरलेलं पिस्तूल घेताना प्रत्येक मॅगझिन काढून मागची भोकं मोजा.

शिक्क्यावरच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. एआरच्या ३० च्या खोक्यातच .५० बियोवुल्फच्या जाड गोळ्या दहाच्या आसपास मावतात. असं खोकं ‘१०’ म्हणून विकलं गेलं, तरी त्यात एआरच्या नेहमीच्या ५.५६ मिमीच्या गोळ्या जवळपास तिप्पट बसतात. शॉटगनचं उलटं दुखणं: नळीच्या मॅगझिनची क्षमता पावणेतीन इंची काडतुसांवरून सांगतात, पण पावणेदोन इंची छोटी काडतुसंही मिळतात आणि तीच नळी मग कितीतरी जास्त घेते. न्यू जर्सीत सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी उडाली की पुढची आपोआप चढणाऱ्या) शॉटगनच्या मॅगझिनात ६ पेक्षा जास्त जागा असेल तर ती थेट बंदी असलेल्या शस्त्रांच्या व्याख्येत जाते, हे शॉटगन घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

सूट कुठे आहे? .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या काही रायफलींना नळीच्या खाली कायम बसवलेली लांब नळकांडी असते, तेच तिचं मॅगझिन. तिला न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा राज्यांत मर्यादेतून वगळलं आहे. म्हणून १५ गोळ्या घेणारी .२२ लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल तिथे बिनघोर घेता येते आणि नवशिक्यासाठी ती उत्तम आहे. पण सूट नळकांडीला आहे, .२२ ला नाही. रूगर १०/२२ चं गोल मॅगझिन १० चं, ते चालतं. त्याच रायफलीत बसणारं २५ चं बाकदार मॅगझिन सुटं आहे, ते चालत नाही. .२२ बद्दल कोणी विशेष बोलत नाही, म्हणूनच सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पायरी ४: खरेदी

न्यू जर्सीत रायफल-शॉटगनसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागतं आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा खरेदी परवाना. अर्ज ऑनलाइन, तपासणी तुमच्या गावाच्या पोलिसांकडून. कार्डचं शुल्क ५० डॉलर, परवान्याचं २५. परवाना ९० दिवस चालतो, एकदा तितकाच वाढवून मिळतो, आणि ३० दिवसांत एकच पिस्तूल घेता येतं. म्हणून परवाना हातात आल्यावर पिस्तूल शोधायला निघू नका. आधी रेंजवर दोन-तीन चालवून बघा, १० चं मॅगझिन कारखान्यातून येतं की नाही हे विचारून ठेवा, मग अर्ज करा.

कॅलिफोर्नियात आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट. परीक्षा ३० प्रश्नांची, ७५ टक्क्यांना पास, म्हणजे २३ बरोबर. शुल्क २५ डॉलर, मुदत पाच वर्षं. मग १० दिवसांची प्रतीक्षा, तासांच्या हिशेबाने पूर्ण दहा वेळा २४ तास. पिस्तूल राज्याच्या मान्य यादीतलं हवं.

दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन मागवलेलं पिस्तूल तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडेच येतं. विकणाऱ्याने डब्यात १५ ची मॅगझिनं टाकून पाठवली, तर तुमचा डीलर ती काढून ठेवतो किंवा डबाच परत करतो आणि पैशांवरून तीन बाजूंचा वाद होतो. मागवण्याआधीच विकणाऱ्याला लेखी कळवा: दहाचीच मॅगझिनं पाठवा, नसतील तर मॅगझिनविना पाठवा. आणि डीलर ट्रान्सफरचं शुल्क किती घेतो ते आधी विचारा.

सुटी मॅगझिनं मागवताना बहुतेक संकेतस्थळं पत्ता बघून नाकारतात. पण काही विक्रेते नाकारत नाहीत, विशेषतः जुन्या वस्तूंच्या बाजारातले खाजगी लोक. त्यांनी पाठवलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. ‘माझ्या फिलाडेल्फियातल्या मावसभावाकडे पाठवा’ ही युक्तीही पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत येणारा पूल ओलांडेपर्यंतच चालते. कॅलिफोर्नियात तर मॅगझिनचे सुटे भाग ‘दुरुस्तीचा संच’ म्हणून मागवणंही गोत्यात आणतं, कारण जोडून मोठं मॅगझिन होईल अशा भागांचा संच कायद्याने वेगळा बंद केलेला आहे.

घ्यायचं तर मूळ कारखान्याचं १० चं घ्या. मोठं खोकं आत अडवून दहाचं केलेलंही मिळतं, आणि राज्याच्या अटीप्रमाणे कायमचं अडवलेलं असेल तर ते वैध असतं. पण त्याला दोन त्रास आहेत. बाहेरून ते तीसचंच दिसतं, त्यामुळे रस्त्यात पोलिसाला समजावत बसावं लागतं. खरेदीची पावती आणि वेष्टन जपून ठेवा. दुसरं, आतला अडसर काढता येण्यासारखा असेल तर ते ‘कायमचं’ ठरत नाही. लाकडाचा ठोकळा आत टाकून बेसप्लेट परत लावणं म्हणजे काहीच न करणं. हे घरी करण्याचं काम नाही, परवानाधारक गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) द्या आणि काय केलं ते बिलावर लिहून घ्या.

२०२४ च्या नव्या कायद्याआधी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘९४ च्या आधीचं’ म्हणून चढ्या भावाने मॅगझिन विकलं जायचं. प्लास्टिकच्या मॅगझिनांवर साच्यातून आलेला घड्याळाच्या तबकडीसारखा शिक्का असतो, त्यातला बाण निर्मितीचा महिना-वर्ष दाखवतो. बघायला शिका. मॅगपुल ही कंपनीच १९९९ ची, तेव्हा तिचं कुठलंही मॅगझिन ९४ च्या आधीचं असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथेवर सांगो.

पायरी ५: हातात आल्यावर

कमीत कमी तीन घ्या. मॅगझिन ही झिजणारी वस्तू आहे आणि बंदूक अडकण्याची बरीच कारणं बंदुकीत नसून मॅगझिनातच असतात. तिन्हींच्या बेसप्लेटवर रंगीत मार्करने १, २, ३ लिहा. रेंजवर गोळी अडकली की कोणत्या नंबरच्या मॅगझिनात अडकली ते टिपा. तीनदा ‘२’ आला, तर पिस्तुलाला दोष देऊ नका. वरच्या कडा वाकल्यात का, फॉलोअर तिरका अडकतोय का, हे बघा.

नव्या दहाच्या मॅगझिनात दहावी गोळी घालताना अंगठा सोलवटतो. छोट्या पिस्तुलांची तर फारच घट्ट असतात. प्लास्टिकचा लोडर मिळतो, तो घ्या, आणि आठवडाभर पूर्ण भरून ठेवा, स्प्रिंग जरा नरम होते. भरलेलं मॅगझिन स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पुढे असताना बसवायला जोर लागतो, कारण वरची गोळी स्लाइडला खालून टेकते. तळहाताने ठोका, मग खाली ओढून बघा, अडकलं की नाही ते कळतं. हे न केल्याने पहिल्या गोळीनंतर मॅगझिन पायाशी पडतं आणि वाळूत घासलं जातं.

पायरी ६: राज्य ओलांडताना

तुम्ही उभे आहात त्या राज्याचा कायदा लागू होतो, जिथे विकत घेतलं तिथला नव्हे. पेनसिल्व्हेनियातून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलात की दोन मिनिटांत तुमचं १७ चं मॅगझिन गुन्हा बनतं.

‘१९८६ चा केंद्रीय कायदा प्रवासाला संरक्षण देतो ना?’ देतो, मर्यादित. बंदूक दोन्ही टोकांना वैध हवी, रिकामी हवी, आणि ती व काडतुसं हाताशी न येतील अशी, म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत. पण त्या कलमात बंदूक आणि काडतूस हे शब्द आहेत, मॅगझिन हा शब्द नाही. शिवाय हा अटक झाल्यावर न्यायालयात मांडायचा बचाव आहे, अटक टाळणारा पास नव्हे. फिलाडेल्फियाहून न्यू हॅम्पशायरला जाताना न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क मध्ये येतात. दहाचीच मॅगझिनं घेऊन निघा, प्रश्नच मिटतो. नायगाराला जाऊन कॅनडात उतरणार असाल तर बंदुकीचं काहीही गाडीत नको. तिथे पिस्तुलाच्या मॅगझिनला १० आणि सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर रायफलीला ५ ची मर्यादा आहे, आणि बाकीचे नियम त्याहून कडक.

बदलीचं सामान बांधताना मॅगझिनांची गाठ आधी मारा, ट्रक भरायच्या दिवशी नव्हे. जास्तीची मॅगझिनं जुन्याच राज्यात डीलरला विका, किंवा तिथल्या पात्र नातेवाईकाकडे ठेवा. मग शोधा: रेंजच्या पिशवीचे बाजूचे कप्पे, गाडीचा ग्लोव्ह बॉक्स, तिजोरीच्या दाराचे खिसे, गराजमधले डबे. राहिलेलं मॅगझिन बहुतेक वेळा याच चार जागी सापडतं.

नव्या राज्यात पोहोचल्यावर एखादं सापडलंच, तर ते घेऊन गाडीत बसून पोलीस ठाण्यात जाऊ नका. त्या प्रवासात ते तुमच्या ताब्यात आहे. न्यू जर्सीत स्वेच्छेने जमा करण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण कुठल्या दिवशी, किती वाजता जमा करणार याची लेखी सूचना आधी द्यावी लागते. वकिलाला फोन करा, त्याच्याकडून पत्र जाऊ द्या.

विमानात बंदुकीचे भाग, रिकामं मॅगझिन धरून, केबिनच्या सामानात चालत नाहीत. चेक-इन सामानात, टणक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून. परतीचं विमान नेवार्क किंवा जेएफकेवरून असेल तर काउंटरवर पेटी उघडताना तुम्ही त्या राज्यात उभे असता, हे विसरू नका. वादळामुळे विमान तिथे वळलं आणि रात्री सामान परत हातात आलं, तरीही तेच.

भारतात सुट्टीवर येताना रेंजची पिशवी प्रवासाची पिशवी म्हणून वापरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात, आणि एक विसरलेलं काडतूस एक्स-रेत दिसलं तरी विमानतळावर गुन्हा नोंदला जातो. ‘जाणीवपूर्वक ताबा’ नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केल्याची उदाहरणं आहेत, पण रद्द होईपर्यंत पासपोर्ट अडकलेला आणि सुट्टी संपलेली असते. बॅग निघण्याच्या आदल्या रात्री उलटी करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट फिरवा. नऊ एमएमची गोळी तिथेच जाऊन बसते.